किनाऱ्यावर जागा घ्यायचीय? मग आधी जुलैत या

मालवणजवळ देवबागला खाडीच्या बाजूला पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या माझ्या तीन खोल्या आहेत. सकाळी घावन-चटणी खाऊन झाली, दुसरा चहा हातात आला की पाहुण्यांपैकी एक जण हमखास विचारतो, "काकू, इथे कुठे जागा मिळेल का हो? छोटीशीच. रिटायर झाल्यावर यायचंय." सतरा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. आधी हसून सोडून द्यायचे. मग दोन पाहुण्यांचे पैसे डोळ्यांदेखत अडकले, तेव्हापासून नीट बसवून सांगते. तेच इथे लिहून ठेवलंय. मी वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. गाबिताची, म्हणजे मासेमाराची बायको, रापणकाराची (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) सून, आणि आमच्याच घराच्या सातबाऱ्यासाठी चार वर्षं मालवणच्या तहसीलच्या पायऱ्या झिजवलेली बाई.

पहिली गोष्ट: जागा बघायला डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात सिंधुदुर्ग फसवतो. समुद्र काचेसारखा, हवा गोड, रापणीत बांगडा, संध्याकाळी दशावतार. त्या दिवसांत तुम्हाला उकिरडासुद्धा 'सी व्ह्यू' वाटेल. जुलैत या आणि आठ दिवस राहा. वीज किती वेळा जाते, मोबाईलला रेंज कुठे उभं राहिल्यावर मिळते, रस्त्यावर पाणी कुठून कुठे वाहतं, व्हाळ (ओढा) कोणाच्या अंगणातून जातो, भरतीची लाट कुठवर येते, हे सगळं फुकट समजतं. जागा मालकाला विचारून समजत नाही, कारण निम्मे मालक मुंबईत असतात आणि त्यांनी स्वतःच आपल्या जागेतला पाऊस वीस वर्षांत पाहिलेला नसतो.

एका पाहुण्यांनी आमच्याच पलीकडे, खाडीला लागून आठ गुंठे घेतले. बघितले जानेवारीत, ओहोटीच्या वेळी. माड, मऊ वाळू, समोर कर्ली नदीचं पात्र. आमच्या वाडीतले एक म्हातारे तेव्हाच म्हणाले होते, "हंय पाणी येता. कागद काय सांगता ता माका ठावक नाय, पण माज्या बापाशीन हंयच होडी बांधल्यान होती." कोणी ऐकलं नाही. जुलैच्या अमावस्येला आठातल्या पाच गुंठ्यांत गुडघाभर पाणी. ते साहेब रेनकोट घालून आमच्या पडवीत बसून नुसते बघत होते. मी चहा दिला. बोलणार काय?

आता कागद. इथे वेळ घालवा, घर कसं बांधायचं ते नंतर ठरवा.

शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात तुम्ही स्वतः शेतकरी असायला हवं. कूळकायद्याचं कलम 63. वडिलांच्या नावाने कुठेतरी सातबारा असेल तर तो शोधून शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. नसेल तर बिनशेती म्हणजे एनए झालेला प्लॉटच बघा आणि तसा लेखी कागद मागा. 'एनए होईल, अर्ज टाकलाय' म्हणजे झालेला नाही. 'शेतकरी करून देतो' म्हणणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर तिथेच पुसून टाका.

सातबारा ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. पण तो वाचायचा कसा, हे कोणी शिकवत नाही. लोक क्षेत्र बघतात आणि मालकाचं नाव बघतात. तुम्ही आधी नावं मोजा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं सहज असतात. आमच्या घराच्या जागेवर 27 होती. तीन खोल्या काढायला बँकेत कर्ज मागायला गेलो तर साहेब म्हणाले, सगळ्यांची संमती आणा. सासऱ्यांचे चुलत भाऊ कोणी लालबागला, कोणी डोंबिवलीला, एक बडोद्याला. एक तर 1972 साली बोटीवर नोकरीला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत, सातबाऱ्यावर मात्र ठणठणीत होते. नऊ नावं मेलेल्या माणसांची. आधी त्यांचे वारस लावायचे, मग त्या वारसांच्या सह्या. चार वर्षं गेली.

त्या चार वर्षांत एक गोष्ट शिकले, ती फुकट देते. भावकीच्या सह्या गणपतीत होतात. एरवी फोनवर 'बघू, बघू' म्हणणारे सगळे चाकरमानी त्या पाच-सात दिवसांत एका छपराखाली असतात, आरतीनंतर मोदक पोटात असतात आणि कोणाला कोणापुढे वाईट दिसायचं नसतं. तुम्हाला विकणारा माणूस जर खरंच सगळ्या हिस्सेदारांच्या वतीने बोलत असेल तर त्याला सांगा, गणपतीत सगळ्यांना भेटायला येतो. तो गडबडला तर काय ते समजा. 'बाकीच्यांचं मी बघतो' या तीन शब्दांवर इथे जितके लोक बुडालेत तितके समुद्रात बुडाले नसतील.

एकट्या हिस्सेदाराकडून त्याचा अविभक्त हिस्सा घेता येतो, नाही असं नाही. पण मग कागदावर तुमचा हिस्सा असतो, जमिनीवर कुठला तुकडा तुमचा हे ठरलेलं नसतं. आधी त्यांनी आपसात वाटप करून घ्यावं, तहसीलदाराकडे कलम 85 खाली किंवा कोर्टातून, सातबारे वेगळे होऊ देत, मग इसाराचं बोला. उशीर होतो. होऊ दे.

नावांनंतर 'इतर हक्क' हा रकाना. खरी गोम तिथे असते. कुळाचं नाव आहे का? बँकेचा, सोसायटीचा बोजा? 'कलम 43 च्या बंधनास पात्र' (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचं कूळकायद्याचं बंधन) असं लिहिलंय का? भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्रीच होत नाही. या जिल्ह्याची स्वतःची अशी दुखणीही आहेत. आकारीपड जमिनी आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणारा एक आणि सातबाऱ्यावर सरकार. सावंतवाडी-दोडामार्गकडे खाजगी वनाच्या नोंदी आहेत. आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकार जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचा घोळ आहे. थंड हवा, धबधबे बघून तिकडे भुलणाऱ्यांनी हे शब्द वहीत लिहून घ्यावेत. आणखी एक, जमीन एकाची आणि तिच्यातले माड-आंबे दुसऱ्याच्या वहिवाटीत, असंही इथे असतं. तुम्ही कुंपण घालता आणि मे महिन्यात कोणीतरी निवांतपणे आत येऊन तुमच्या झाडावर चढतं. भांडू नका, आधी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, काढून वाचा.

क्षेत्राचंही सांगते. एजंट गुंठ्यात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा त्याहून जरासा मोठा, 101 च्या आसपास. चाळीस गुंठ्यांचा एकर. छोटा तुकडा घेणार असाल तर तुकडेबंदीत, म्हणजे फार छोटे तुकडे पाडायला बंदी करणाऱ्या कायद्यात, बसतो का हे तलाठ्याला विचारा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात अजून तलाठीच. हे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत बदलत आलेत, त्यामुळे शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी केलं म्हणून तुम्हाला जमेल असं नाही.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी, हद्दीच्या खुणा आणि नकाशाची 'क' प्रत हातात. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, विश्वास ठेवू नका. गडगा दर पिढीला एक हात सरकतो. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण त्या दिवशी शेजारी येतात आणि खरी माहिती तेच देतात. चिडलेला शेजारी तर वकिलापेक्षा जास्त सांगतो. वकील मात्र मालवण, कुडाळ, कणकवलीचाच घ्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याच्याकडून तीस वर्षांचा शोध आणि पेपरात जाहीर नोटीस. त्या गावात खरे व्यवहार काय भावाने झालेत हे बघायला नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स 2, म्हणजे झालेल्या खरेदीची नोंद, शोधता येतो. पर्यटनाचा भाव आणि नोंदलेला भाव यांतलं अंतर बघून तुम्हालाच घाम फुटेल. सध्या एजंटांच्या तोंडी नवीन शब्द आहे, 'युनेस्को'. 2025 च्या जुलैत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आनंदच आहे, पण त्याने किल्ल्यापासून चाळीस किलोमीटरवरच्या कातळाचा भाव का वाढावा?

वाट. हे वेगळं लिहिते कारण सगळे विसरतात. दुसरे पाहुणे, ज्यांचं वर म्हटलं, त्यांनी देवगडकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अकरा गुंठे घेतले. सातबारा स्वच्छ, एकच मालक, मोजणी झालेली, खाली समुद्र. फक्त तिथे पोचायची पायवाट दुसऱ्याच्या काजूतून. काजूवाल्याने सांगितलं, चालत जा, देवाच्या नावाने जा, पण चिऱ्याचा ट्रक माझ्या बागेतून जाणार नाही. त्याचं तरी काय चुकलं? सहा वर्षं झाली. दर वर्षी ते येतात, चालत वर जातात, सूर्यास्त बघतात, माझ्याकडे येऊन इसवणाची कढी-भात खातात आणि परत जातात. तेव्हा वाट नकाशावर आहे का, खरेदीखतात लिहिली आहे का, आणि मातीच्या ट्रकाएवढी रुंद आहे का, हे तिन्ही बघा.

आता समुद्राची रेषा. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, लागतं. 2019 च्या अधिसूचनेत गावांचे दोन प्रकार केले: दाट वस्तीचं गाव, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2,161 हून जास्त माणसं, तिथे पन्नास मीटर ना-विकास क्षेत्र, बाकी गावांत दोनशे मीटर. खाडीच्या बाजूला पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. तुमचा गट नंबर मंजूर किनारा नकाशावर कुठे पडतो ते लेखी घ्या. आमच्या देवबागेसारखी जागा असेल, एका अंगाला दर्या आणि दुसऱ्या अंगाला खाडी, तर दोन्हीकडून रेषा आत येतात आणि मधे काय उरतं ते मोजून बघा. नियम बाजूला ठेवले तरी समुद्र उरतोच. 2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा माझ्या खोल्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. 16 मे 2021 ला तौक्ते आलं, आमचे सहा माड आडवे झाले, एक नेमका न्हाणीघरावर, आणि वीज यायला कितीतरी दिवस लागले. त्या दिवसांत इन्व्हर्टर, फ्रीज, टाकीत पाणी चढवणारा पंप, सगळं गप्प. चालू होती ती बावीवरची, म्हणजे विहिरीवरची, रहाटाची दोरी. म्हणून सांगते, बाव असलेली जागा घ्या आणि तिचं पाणी मे महिन्यात पिऊन बघा. किनाऱ्याजवळच्या बावी वैशाखात मचूळ होतात.

ज्यांना जागा घेऊन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी माझी वहीच उघडते. तीन खोल्या, 365 दिवस, कागदावर 1,095 रात्री. गेल्या वर्षी भरल्या 214. दिवाळी, नाताळ आणि मे यांत निम्म्याहून जास्त. जून ते ऑगस्ट मिळून अकरा. कारण मे संपता संपता किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, ती सुरू होतात सप्टेंबरला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी. बाहेरून आलेला माणूस 1,095 वर हिशेब मांडतो, तिथेच तो फसतो. वर दर पावसाआधी नळे फिरवायचे, पडवीला माडाच्या चुडतांची झापं लावायची, आणि एसीचं बाहेरचं यंत्र खारी हवा चार वर्षांत खाऊन टाकते. पंखे लावा, खिडक्या समोरासमोर ठेवा.

कागद लागतात ते असे: पर्यटन खात्याकडे न्याहारी-निवास म्हणून नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला, जेवण देत असाल तर अन्न नोंदणी. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवायचा फॉर्म (लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात) भरायचा, तो विसरू नका. पण धंदा कागदावर चालत नाही, माशावर चालतो. पाहुण्याला पापलेट हवं असतं. मी त्याला आदल्या रात्री सांगते, उद्या जे येईल ते. तारली आली तर तारली, तिरफळ घालून. पेडवे आले तर पेडवे. एकदा खाल्लं की पापलेट विसरतो. ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवशी डाळ, तवसाची कोशिंबीर आणि खरं उत्तर. शीतपेटीतला मासा 'आताच आलाय' म्हणून वाढणारे दोन वर्षं टिकतात.

आणि तुमच्या पाहुण्यांना पाण्यात पाठवताना बोटवाला बघून पाठवा. 24 मे 2022 ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. किती माणसं बसवतो आणि जॅकेट घालायला लावतो का, एवढं बघायला डोळे पुरतात. सगळ्यांनी स्कूबाच का करावं, हेही मला कळत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका स्वतः वल्हं मारत कांदळवन दाखवतात. वायंगणीला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात. पाहुणा जास्त दिवस राहतो तो अशा गोष्टींसाठी.

कायमचं राहायला येणार असाल तर दवाखान्याचं आधी. छोटं-मोठं मालवणला, कुडाळला होतं. ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. पण मोठं काही झालं की अजूनही गाडी गोव्याला, बांबोळीला पळते. रात्री अडीच वाजता, पावसात, तुमच्या दारातून हायवेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो तो एकदा घड्याळ लावून मोजा. चिपीचं विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं, पण विमान कधी असतं, कधी नसतं. त्याच्या भरवशावर जागा घेऊ नका. कुडाळ स्टेशन मालवणपासून तीसेक किलोमीटर, तेच खरं. माणसंही कमी आहेत इथे. 2001 ला जिल्ह्यात 8,68,825 लोक होते, 2011 ला 8,49,651. वाढायचं सोडून घटले. माड पाडायला माणूस हवा तर आठवडाभर आधी सांगावं लागतं.

शेवटचं, शेजार. किनारा कोणाच्या बापाचा नाही, पण रापण ओढायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, मासळी सुकवायची जागा ही ठरलेली असते, सातबाऱ्यावर नसली तरी. तुमच्या प्लॉटमधून दर्याकडे जाणारी पाऊलवाट असेल तर ती बंद करू नका. एका बंगल्याने केली. रापणीला निघालेले चाळीस जण दोर खांद्यावर घेऊन वळसा घालून गेले, कोणी काही बोललं नाही. पुढच्या पावसात त्यांच्या छपराचे नळे उडाले तेव्हा बसवून द्यायला वाडीतला एकही माणूस मिळाला नाही. याच्या उलट, सकाळी रापण लागली की खाली या, चपला लांब काढा, दोराला हात लावा. ओढता येत नसेल तरी लावा. संपल्यावर कोणीतरी न विचारता तुमच्या पिशवीत चार बांगडे टाकेल. तो तुमचा वाटा. त्याचे पैसे देऊ नका, राग येतो.

तर जुलैत या. भाडं मी निम्मं घेते. ताजे मासे मागू नका, सुक्या बांगड्याचं तिखलं आणि टायकिळ्याची भाजी मिळेल. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात ती पहिल्या दिवशीच उलटते. रेनकोट, बॅटरी, आणि ज्या जागेवर मन बसलंय तिचा सातबारा, एवढं घेऊन या. संध्याकाळी वीज गेली की पडवीत बसून दोघी-तिघं मिळून वाचू.